शाकाहारी माशांचे घरगुती मत्स्यालय : निवड, आहार आणि निगा

घरच्या मत्स्यालयातील मासा दगावला, की दोष बहुधा पाण्याला किंवा दुकानदाराला दिला जातो. आहाराचा विचार क्वचितच होतो. ट्युबिफेक्स किडे, ब्लडवर्म आणि कोळंबीच्या भुकटीच्या गोळ्या हेच सर्व माशांचे अन्न, अशी समजूत शोभिवंत मासे पाळणाऱ्यांमध्ये रूढ आहे. प्रत्यक्षात उष्ण कटिबंधातील गोड्या पाण्यात अशा अनेक जाती आढळतात, की ज्यांचे आयुष्य मुख्यत्वे शेवाळ, पाणवनस्पती, फळे आणि बिया यांवर चालते. या माशांना मांसाहारी खाद्य सतत दिले, तर त्यांचे पोट बिघडते आणि कधी कधी ते जिवावर बेतते. जे जगतात ते अपेक्षेपेक्षा मोठे होतात आणि टाकीत मावेनासे झाल्यावर एखाद्या तळ्यात किंवा नदीत सोडले जातात. हे दोन्ही शेवट टाळायचे, तर मासा घरी आणण्यापूर्वीच काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

शाकाहारी मासा कसा ओळखावा?

शिकारी माशाचे आतडे आखूड असते. मांस पचविण्यास वेळ कमी लागतो आणि एकदा पोट भरले, की तो बराच काळ उपाशी राहू शकतो. शाकाहारी माशाचे आतडे मात्र शरीराच्या लांबीच्या कित्येक पट असते आणि पोटात ते वेटोळे करून बसलेले असते. वनस्पतीतील तंतुमय भाग पचण्यास अवघड आणि त्यातून मिळणारे पोषणही तुटपुंजे. त्यामुळे असा मासा दिवसभर थोडे थोडे चरत राहतो. कार्प आणि बार्ब कुळातील माशांना तर खरे जठरच नसते. घशातील दातांनी ते अन्न दळतात आणि ते थेट आतड्यात जाते. अशा माशांना दिवसातून एकदा भरपेट खाद्य देण्यापेक्षा दोन-तीन वेळा थोडे थोडे देणे हिताचे ठरते.

मत्स्यालयातील कोणताही मासा शंभर टक्के शाकाहारी नसतो, हेही लक्षात ठेवावे. शेवाळाबरोबर त्यातील सूक्ष्म जीव आणि अळ्याही त्याच्या पोटात जातात. पिल्लांना वाढीसाठी प्रथिने अधिक लागतात. त्यामुळे ‘शाकाहारी’ हा शब्द येथे ‘मुख्यत्वे वनस्पतींवर जगणारा’ या अर्थाने घ्यावयाचा.

कोणता मासा निवडावा?

सिल्व्हर डॉलर : दक्षिण अमेरिकेतील नद्यांमधील हा चंदेरी, रुपयाच्या नाण्यासारखा गोल आणि चपटा मासा. तो पिऱ्हानाच्याच कुळातील असला, तरी पाने, फळे व बिया यांवर जगतो. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, आयुष्य दहा वर्षे किंवा अधिक. तो थव्याने राहतो. एकटा ठेवल्यास बुजतो, म्हणून किमान पाच-सहा एकत्र ठेवावेत.

ब्रिसलनोज : मुखाने काचेला चिकटून शेवाळ खरवडणारा हा मासा १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबतो. नराच्या तोंडावर मांसल तंतूंचे झुपके असतात. त्याच्या टाकीत लाकडाचा ओंडका असावा. लाकडाच्या पृष्ठभागावर वाढणारा जिवाणू व शेवाळाचा थर तो खरवडून खातो.

मोली : मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील हा छोटा मासा नवशिक्यांसाठी उत्तम. शेवाळ आवडीने खातो, थेट पिल्ले देतो आणि जड पाण्यात अधिक सुखाने राहतो. पिल्लांची संख्या झपाट्याने वाढते, याची मात्र पूर्वकल्पना असावी.

म्बुना : आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणारे हे रंगीत सिक्लिड मासे खडकांवरील शेवाळाचा थर खरवडून जगतात. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. झेब्रा आणि ऑरॅटस या जाती बाजारात परिचित आहेत. स्वभावाने भांडखोर असल्याने त्यांची टाकी स्वतंत्र असावी. टांगानिका सरोवरातील ट्रोफियस हे त्याहून काटेकोर शाकाहारी. आहारातील चूक त्यांना सर्वांत लवकर भोवते.

टिनफॉइल बार्ब : थायलंड, मलेशिया, सुमात्रा आणि बोर्निओतील हा देखणा मासा दुकानात दोन इंचांचा दिसतो आणि पुढे फूटभर वाढतो. थव्याने राहतो आणि उड्याही मारतो. घरगुती टाकीसाठी तो मोठाच पडतो.

ओटोसिंक्लस : जेमतेम चार सेंटिमीटरचा हा शेवाळभक्षक बहुधा नद्यांतून पकडून विक्रीस येतो. नव्या, स्वच्छ टाकीत त्याला खाण्यास काहीच नसते आणि तो उपासमारीने मरतो. किमान तीन-चार महिने जुनी, शेवाळ धरलेली टाकी असेल तरच त्याचा विचार करावा.

महाराष्ट्रातील ओढ्यांतही असा एक शेवाळ खरवडणारा मासा आहे. दगडांना धरून राहणारा ‘मुल्या’. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनमधील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा स्थानिक नावावरूनच त्याचे शास्त्रीय नाव ठेवले. आज तो ‘गारा मुल्या’ या नावाने ओळखला जातो. त्याला वाहते, प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. साध्या टाकीतील उबदार, साचलेल्या पाण्यात त्याला कोंडण्यापेक्षा ओढ्यातच पाहणे बरे.

खरेदीतील फसगत

दुकानात ‘पिऱ्हाना’ म्हणून विकली जाणारी लाल पोटाची पिल्ले बहुतेक वेळा पाकू जातीची असतात. हाच मासा मासळीबाजारात ‘रूपचंद’ या नावाने मिळतो आणि देशात त्याची शेतीही होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पुराच्या काळात जंगलात शिरून फळे व बिया फोडून खाणारा हा मासा. पिऱ्हानाचे दात त्रिकोणी व सुरीसारखे असतात, तर पाकूचे दात सपाट, दाढांसारखे. पिल्लू गोजिरवाणे दिसले, तरी पूर्ण वाढ झालेला पाकू दोन फुटांहून मोठा होऊ शकतो. घरगुती टाकीत तो कधीच मावत नाही.

साध्या ‘सकर’ माशाचे तसेच. टाकी स्वच्छ ठेवतो म्हणून तीन इंचांचे पिल्लू घेतले जाते. पुढे तो दीड फुटापर्यंत वाढतो. मोठा झाल्यावर काचेवरील शेवाळ खाण्याचा त्याचा उत्साह ओसरतो आणि त्याच्या विष्ठेनेच टाकी अधिक घाण होते. सफाईसाठी मासा हवा असल्यास ब्रिसलनोज घ्यावा. खरेदीपूर्वी ‘हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो?’ हा एक प्रश्न जरूर विचारावा आणि उत्तर पडताळून पाहावे.

टाकी आणि जागा

टाकीची धारणक्षमता काढणे सोपे आहे. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि एक हजाराने भागावे. उत्तर लिटरमध्ये मिळते. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी, म्हणजे १२० × ४५ × ४५ सेंटिमीटर, सुमारे २४० लिटरची होते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तीत २०० ते २२० लिटर पाणी राहते. सहा सिल्व्हर डॉलरसाठी याहून लहान टाकी घेऊ नये. ब्रिसलनोजच्या जोडीसाठी १०० लिटरची टाकी पुरते.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. काच, वाळू व दगड धरल्यास चार फुटी टाकीचे वजन ३०० किलोच्या आसपास जाते. म्हणून ती भिंतीलगत, मजबूत व समतल स्टँडवर ठेवावी. तळाशी थर्मोकोलचा तक्ता घालावा, म्हणजे बारीक उंचसखलपणामुळे काच तडकत नाही. थेट ऊन येणारी खिडकी टाळावी आणि झाकण असावेच.

पाणी : शहरागणिक वेगळे

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा आदी जलाशयांतून मिळणारे पाणी तुलनेने मऊ, म्हणजे सुफेन असते. सिल्व्हर डॉलर आणि ब्रिसलनोज यांना ते मानवते. राज्याच्या पठारी भागात जेथे बोअरवेलचे पाणी वापरले जाते, तेथे ते बहुधा जड असते. नळाच्या तोटीवर आणि बादलीत पांढरा थर धरतो, तो याच क्षारांमुळे. असे पाणी मोली आणि म्बुना यांच्यासाठी सोयीचे. मलावी सरोवराचे पाणीच अल्कधर्मी असून त्याचा सामू साधारण ७.७ ते ८.६ दरम्यान असतो. माशासाठी पाणी बदलण्याची खटपट करण्यापेक्षा घरच्या पाण्याला साजेसा मासा निवडणे शहाणपणाचे आणि स्वस्तही.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करते. पाणी उघड्या पिंपात २४ तास ठेवल्यास क्लोरीन बरेचसे उडून जाते. घाई असल्यास दुकानात मिळणारे ‘अँटिक्लोरीन’ बाटलीवरील प्रमाणानुसार वापरावे. पावसाळ्यात गढूळ पाणी शुद्ध करताना क्लोरीनची मात्रा वाढविली जाते. त्या दिवसांत विशेष काळजी घ्यावी.

आधी जिवाणू, मग मासे

नवी टाकी आणली, पाणी भरले आणि त्याच दिवशी मासे सोडले, तर पहिल्या पंधरवड्यातच मृत्यू सुरू होतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरमधील स्पंजवर व वाळूवर वस्ती करतात आणि ही वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहावे, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळतो. एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजचा तुकडा मिळाल्यास हा काळ कमी होतो. चाचणी संचाने पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट शून्य दाखवेपर्यंत मासे आणू नयेत.

शाकाहारी मासे खातात अधिक आणि त्यांची विष्ठाही अधिक. त्यामुळे त्यांच्यासाठी फिल्टर जास्त क्षमतेचा लागतो. तासाला टाकीच्या किमान पाचपट पाणी फिरवणारा, म्हणजे २०० लिटरला तासाला हजार लिटरचा फिल्टर घ्यावा. भाजीचे तुकडे अडकून स्पंज तुंबतो. तो नळाखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा, अन्यथा क्लोरीनमुळे जिवाणू मरतात. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. चार फुटी टाकीसाठी हे काम १५ लिटरच्या चार बादल्यांचे आहे. नायट्रेटचे प्रमाण ४० पीपीएमच्या खाली राहील, असे पाहावे.

स्वयंपाकघरातील खाद्य

या माशांचे निम्मे अन्न घरातच उपलब्ध असते. काकडी, दोडका, दुधी, पालक, मटार, गाजर, लेट्यूस यांपैकी काहीही चालते. भाजी स्वच्छ धुऊन काही वेळ पाण्यात बुडवून ठेवावी, कारण कीटकनाशकाचा अंश माशांना घातक ठरतो. काकडीची साल काढावी. मग चकत्या उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे टाकून लगेच गार पाण्यात काढाव्यात. त्यामुळे त्या मऊ होतात आणि तळाशी बसतात. मटार वाफवून सालपट काढून द्यावेत. मीठ, तेल, मसाला यांचा स्पर्शही नको. चकती स्टीलच्या काट्याला टोचून किंवा दगडाखाली दाबून ठेवावी. उन्हाळ्यात सहा-सात तासांनी, हिवाळ्यातही दुसऱ्या दिवशीपर्यंत उरलेला भाग काढून टाकावा.

पालकात ऑक्झॅलेट असते, म्हणून तो रोज देऊ नये. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. लेट्यूसमध्ये पाणीच अधिक, पोषण कमी. भाज्यांची आलटून-पालटून फिरती ठेवणे उत्तम.

केवळ उकडलेल्या भाजीवरही मासा ठेवू नये. बहुतेक मासे ‘क’ जीवनसत्त्व शरीरात तयार करू शकत नाहीत आणि उकळताना भाजीतील हे जीवनसत्त्व घटते. म्हणून स्पिरुलिना असलेल्या तयार गोळ्या किंवा चकत्या मुख्य खाद्य म्हणून आणि भाजी पूरक म्हणून द्यावी.

घरीही खाद्य तयार करता येते. वाफवलेला पालक, मटार, गाजर व थोडी स्पिरुलिनाची पूड मिक्सरमध्ये वाटून घ्यावी. चायना ग्रासची पूड थोड्या पाण्यात उकळून पूर्ण विरघळली, की ती या मिश्रणात ढवळावी. एक कप मिश्रणास एक चहाचा चमचा पूड पुरते. ताटात पातळ थापून गार झाल्यावर वड्या पाडाव्यात आणि फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. रोज लागेल तेवढी वडी काढून बाहेरच्या तापमानाला आली, की टाकावी.

शेवाळ हे तर या माशांचे मूळ अन्न. गुळगुळीत गोटे पाण्याच्या बादलीत घालून उन्हात ठेवले, की आठवड्याभरात त्यांवर हिरवा थर धरतो. ते गोटे टाकीत ठेवून जुने पुन्हा बादलीत टाकावेत. म्बुना आणि ब्रिसलनोज त्यांवर तुटून पडतात.

देवळाच्या तळ्यात माशांना कुरमुरे टाकण्याची सवय घरी आणू नये. पोळी, पाव, भात, बिस्किटे यांनी पोट फुगते आणि पाणी नासते. आठवड्यातून एक दिवस उपवास घडविल्यास माशांचे काही बिघडत नाही. आतडे मोकळे होण्यास त्याची मदतच होते.

हिरवळ टिकते का?

सिल्व्हर डॉलरच्या टाकीत नाजूक वनस्पती लावणे म्हणजे गाईपुढे चारा टाकण्यासारखेच. मात्र जावा फर्न आणि अनुबियस यांची पाने चिवट असतात आणि बहुतेक मासे त्यांच्या वाटेस जात नाहीत. दोन्ही वाळूत न पुरता लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधावीत, कारण खोड वाळूत गाडले गेल्यास कुजते. मनी प्लांटची मुळे पाण्यात व पाने टाकीबाहेर ठेवण्याची युक्तीही उपयोगी पडते. नायट्रेट शोषला जातो. मात्र मुळे जाळीच्या आड ठेवावीत. हायड्रिला खाद्य म्हणून चालते. तळ्यातून आणल्यास तिच्याबरोबर गोगलगायी आणि अळ्या येतात, म्हणून ती काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवावी.

उन्हाळा, हिवाळा आणि वीज

बहुतेक जातींना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. विदर्भातील उन्हाळ्यात टाकीचे पाणी ३२ अंशांच्या वर सहज जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि अमोनियाचा विषारी अंशही वाढतो. अशा वेळी हवेचा पंप चालू ठेवावा, पृष्ठभागावर पंख्याचा वारा घ्यावा, खाद्य कमी करावे. बर्फ थेट टाकण्यापेक्षा गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवावी. नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर आवश्यक ठरतो. लिटरला एक वॅट हे ढोबळ प्रमाण धरावे.

वीज गेली, की फिल्टर थांबतो आणि प्राणवायूअभावी त्यातील जिवाणू काही तासांत मरू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. वीज येईपर्यंत खाद्य देऊ नये.

फुगलेले पोट : धोक्याची खूण

पोट फुगणे, अन्नाकडे पाठ फिरवणे, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा आणि कोपऱ्यात निपचित राहणे ही या माशांच्या नेहमीच्या आजाराची लक्षणे. आफ्रिकी सिक्लिडमध्ये त्याला ‘ब्लोट’ म्हणतात. प्रथिनांचा अतिरेक, खराब पाणी आणि टाकीतील भांडणांचा ताण ही त्याची कारणे मानली जातात. दोन दिवस खाद्य बंद ठेवून पाणी बदलावे आणि नंतर सोललेला मटार द्यावा. फरक न पडल्यास मत्स्यरोगाची माहिती असलेल्या पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. तांबे असलेली औषधे ब्रिसलनोजसारख्या माशांच्या टाकीत वापरू नयेत. त्यांना तांबे सहन होत नाही.

नदीत सोडणे हा उपाय नव्हे

मासा मोठा झाला किंवा घर बदलण्याची वेळ आली, की ‘त्याला मोकळे सोडू’ हा विचार सुचतो. हेतू दयेचा असतो, परिणाम मात्र उलटा होतो. सकर मासा कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो, हवा गिळून श्वास घेतो आणि काठाला बिळे करून अंडी घालतो. देशातील अनेक जलाशयांत, भीमा नदीवरील उजनीतही, तो पोचला आहे. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात, बाजारात त्याला किंमत येत नाही आणि मच्छीमाराचा दिवस वाया जातो. केरळात २०१८ च्या महापुरात शेततळ्यांतील पाकू आणि इतर परदेशी मासे नद्यांत पसरल्याची नोंद झाली. वनस्पतींबाबतही हाच धडा आहे. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी सुंदर फुलांसाठी जगभर नेली गेली आणि आज इंद्रायणी, पवना, पंचगंगा यांचे पात्र तिने व्यापलेले दिसते.

नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या हौशी व्यक्तीस द्यावा. टाकीतील वनस्पतीही नाल्यात न टाकता वाळवून कचऱ्यात टाकाव्यात. टाकीतून काढलेले पाणी घरातील कुंड्यांना घालावे. त्यातील नायट्रेट झाडांना खताप्रमाणे उपयोगी पडतो.

टाकीला किती जागा देता येईल, घरचे पाणी कसे आहे आणि पुढील आठ-दहा वर्षे दर आठवड्याला चार बादल्या पाणी बदलणे जमेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावीत. ती समाधानकारक असतील, तर एखाद्या संध्याकाळी काकडीच्या चकतीभोवती जमलेला चंदेरी थवा पाहण्याचे सुख घरातील लहानथोरांना दीर्घकाळ लाभते.